कलेक्टरसाहेबांचे अकरा सेकंद

१९८६ सालच्या जुलै महिन्यातला दुसरा शनिवार, दुपारी साडेतीनची वेळ. ठरलेली रक्कम चाळीस डॉलर. जागा अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीतलं आमचं स्वयंपाकघर. हजर चौघं: आमच्या मराठी मंडळाचे त्या वर्षीचे अध्यक्ष, माझी बायको, मी आणि समोरच्या घरात राहणारे त्र्याहत्तर वर्षांचे एक इंग्लिश गृहस्थ. गणपतीच्या नाटकात कलेक्टरचं काम कराल का, असं आम्ही त्यांना विचारत होतो.

चाळीसचा आकडा त्यांनीच सांगितला. अध्यक्ष पुण्याचे, बोलायला गोड. त्यांनी सांगून पाहिलं की आमच्याकडे कलाकाराचा शाल आणि नारळ देऊन सत्कार करतात, पैशांची पद्धत नाही, सगळे हौसेनं करतात.

"सत्कार अवश्य करा," म्हातारे म्हणाले, "पण मी फुकट कधी काम केलेलं नाही. पैसे घेतले की मी वेळेवर येतो आणि तुम्हाला माझ्यावर रागावता येतं."

बायकोनं त्यांच्या चहात दोन चमचे साखर घातली. त्यांनी तिसरा मागितला. त्यावर करार झाला असं धरायला हरकत नाही.

अध्यक्षांना गाडीपर्यंत सोडायला गेलो तर ते म्हणाले, "काय हो, शेजारी आहेत, फुकटात जमेल म्हणाला होतात ना?"

"मी तसं म्हणालो नव्हतो. विचारून बघतो, एवढंच म्हणालो होतो."

"तुमच्याशी बोलताना साक्षीदार ठेवायला हवा," असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

हे गृहस्थ सिनेमातले नट आहेत, हे आम्हाला समोरासमोर राहूनही दीड वर्ष माहीत नव्हतं. बर्फ पडला की मी त्यांच्याही दारातला रस्ता मोकळा करत असे, ते हात वर करत, एवढीच ओळख. मग मार्चमधल्या एका रविवारी टीव्हीवर जुना इंग्लिश सिनेमा लागला होता. चौदा वर्षांची माझी मुलगी जमिनीवर पालथी पडून तो बघत होती. पडद्यावर कुणीतरी मोठ्या घराची घंटा वाजवली, नोकरानं दार उघडलं, पाहुण्याची छत्री घेतली आणि तो बाजूला झाला.

"बाबा, दॅट्स हिम. समोरचे आजोबा," ती म्हणाली.

मी म्हणालो, काहीतरीच. पण तासाभरानं तोच नोकर पुन्हा आला, त्यानं तीच छत्री परत दिली, आणि तेव्हा मान थोडी डावीकडे झुकवायची ती लकब मीही ओळखली. त्यांच्या दारातला बर्फ माझा उपसून झाला की हात वर करताना ते अगदी तशीच मान झुकवत.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "हो, मीच. छत्री माझी स्वतःची होती. स्टुडिओतली मोडकी होती."

मी शेजारच्या वूस्टर शहरात एका विमा कंपनीच्या हिशेब विभागात काम करत होतो. कुणी "पुष्कळ" म्हटलं की माझा जीव वरखाली होतो. किती सिनेमे केले असं विचारल्यावर ते "पुष्कळ" म्हणाले, तेव्हा मी वही घेऊन बसलो. चार रविवार लागले. त्यांना आठवले तेवढे एकशे त्रेसष्ट भरले. त्यात बटलर सगळ्यांत जास्त, एकतीस. पोलीस हवालदार बावीस, पाद्री चौदा. मग हॉटेलातले कारकून, रेल्वेचे गार्ड, कोर्टातले शिरस्तेदार, एक बिशप, दोन प्रेतं. प्रेतांचे पैसे जास्त मिळाले का, असं बायकोनं विचारलं. "कमी," ते म्हणाले, "बोलणाऱ्या प्रेताचा दर वेगळा असता." पडद्यावर सलग सर्वांत जास्त वेळ कधी दिसलात? एका सिनेमात चार मिनिटं, त्यातलं एक मिनिट पाठमोरे. नाव साधारण निम्म्या सिनेमांत आलं होतं, तेही बहुतेकदा शेवटून तिसरं किंवा चौथं.

मला सुरुवातीला हा आकडा थोडा उदास वाटला. एवढे सिनेमे आणि सगळे मिळून, माझ्या अंदाजानं, पाच तास. पण त्यांना तसं वाटत नव्हतं. अडतीस वर्षं दर आठवड्याला घरभाडं वेळेवर दिलं, असं ते सांगत. मोठ्या नटांबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, की मोठ्या नटाचं बोलणं संपेपर्यंत आपण त्याच्या बुटांकडे बघायचं. तोंडाकडे बघितलं तर आपणही प्रेक्षक होतो आणि आपलं वाक्य विसरतो.

चहाच्या त्या शनिवारी ते निघताना मला म्हणाले, उद्या एकटेच या. मी गेलो. त्यांची बायको मूळची वूस्टरची. तिच्यासाठी ते इकडे येऊन राहिले होते आणि ती जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचा फोटो स्वयंपाकघरात पावाच्या डब्यावर होता. त्याच्याकडे पाठ करून ते बसले आणि त्यांनी मला त्यांच्या शेवटच्या कामाबद्दल सांगितलं.

हॉटेलातल्या कारकुनाचं काम होतं. एकच वाक्य, सहा शब्दांचं: पाहुण्याला त्याची खोली कितव्या मजल्यावर आहे ते सांगायचं. पहिल्या वेळी मजला आठवला नाही. दुसऱ्या वेळी मजला आठवला, पाहुण्याचं नाव गेलं. असे चौदा टेक झाले. दिग्दर्शक सभ्य होता, कुणी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टुडिओत गेले तर त्यांचा कोट दुसऱ्या माणसाच्या अंगावर होता. या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. त्यानंतर त्यांनी काम घेतलं नाही.

"बायको म्हणायची, वय झालं. डॉक्टर म्हणाला, काही नाही. मला वाटतं, मी घाबरलो होतो. पण खात्री नाही," ते म्हणाले. "डोकं गेलं असेल तर गेलं. मला फक्त कळायला हवं. तुमच्या हॉलमध्ये ते कळेल. हे कुणाला सांगू नका."

मी सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि हे मला सोपं गेलं नाही, कारण मी त्या नाटकाचा प्रॉम्प्टर होतो.

ज्यांनी आपल्याकडची हौशी नाटकं केलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या मंडळाच्या नाटकात कुणाचंच पाठांतर पूर्ण नसे. कुणी रात्रपाळीचा डॉक्टर, कुणी रोज पन्नास मैल गाडी हाकणारा इंजिनिअर. त्यामुळे विंगेत वही घेऊन एक माणूस उभा असे आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी अर्धा श्वास तो म्हणत असे. पहिल्या तीन रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येई. त्याची कुणाला हरकत नव्हती. मी हे काम सहा वर्षं केलं होतं आणि माझ्या हातून एकही वाक्य गळलं नव्हतं, याचा मला अभिमान होता.

नाटक आमच्यातल्याच एका नागपूरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं होतं. इंग्रजांच्या अमदानीत तालुक्याच्या गावी कलेक्टर शाळा तपासायला येतो. मास्तर नेमके बहिणीच्या लग्नाला गेलेले. म्हणून कचेरीतला कारकून गावातल्या न्हाव्यालाच मास्तर म्हणून खुर्चीत बसवतो. आदल्या वर्षीच्या नाटकातला साहेब एका दातांच्या डॉक्टरांनी तोंडाला टाल्कम पावडर फासून केला होता आणि लोक भलत्या ठिकाणी हसले होते. म्हणून या वेळी खरा इंग्लिश माणूस. कलेक्टरची चौदा भाषणं, मोडक्या मराठीत.

बायकोनं ती सगळी कॅसेटवर सावकाश म्हणून दिली. मुलीनं इंग्लिश अक्षरांत लिहून दिली. ऑगस्टभर संध्याकाळी समोरच्या खिडकीतून आमच्याच घरातला आवाज ऐकू येई आणि त्याच्या मागोमाग त्यांचा. तालमीत सगळे माझ्या बायकोला वहिनी म्हणत, म्हणून तेही वहिनी म्हणू लागले. पोरं त्यांना काका म्हणत. 'शाळा'मधला ळ त्यांना तीन आठवड्यांनी आला. त्या दिवशी बायकोनं शिरा केला.

"वहिनी, शाळा," असं म्हणून त्यांनी ताटली पुढे केली.

"एकदाच म्हणून शिरा मिळणार नाही, काका. पुन्हा म्हणा."

"शाळा. शाळा. शाळा. आता तीन चमचे."

न्हाव्याचं काम करणारे आमचे इंजिनिअर मला म्हणाले, "यार, हा माणूस माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतोय. मला कॅसेट का नाही दिली?"

रंगीत तालमीच्या आधीच्या गुरुवारी मात्र ते सातव्या भाषणाशी थांबले. थांबले ते थांबलेच. मग "बाथरूम" म्हणून बाहेर गेले आणि दहा मिनिटांनी आले. इतरांना काही वाटलं नाही. मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

प्रयोग सप्टेंबरमधल्या एका शनिवारी, गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी पाचला होता. आरती उरकली, मोदक झाले, दोनशे दहा माणसं बसली. मी विंगेत. हातात वही. नाटककार डॉक्टर माझ्या शेजारी स्टुलावर.

कलेक्टरची एंट्री झाली. साहेब पुढे आले, हॅट काढून डाव्या हातात धरली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ते अजून एक शब्दही बोलले नव्हते, तरी हॉल शांत झाला. न्हावी घाबरून खुर्चीत बसला होता आणि त्यानं पुस्तक उलटं धरलं होतं. साहेब जवळ गेले. इथे वाक्य होतं, "मास्तर, पुस्तक सरळ धरा." ते बोलले नाहीत. न्हाव्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, मग मान वाकडी करून पुस्तकाचं नाव वाचायचा प्रयत्न केला.

मी मनात तीन आकडे मोजले आणि मला गुरुवार आठवला. मी स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणालो, "मास्तर, पुस्तक सरळ धरा."

सबंध हॉलला ऐकू गेलं. विनोद मी सांगून टाकला होता. पहिल्या रांगेत भारतातून आलेले कुणाचे तरी आजोबा बसले होते. ते म्हणाले, "अहो, बोलू द्या की त्यांना."

लोक हसले, पण ते मला. साहेब हळूच वळले. विंगेकडे, म्हणजे माझ्याकडे, त्यांनी तसंच पाहिलं जसं पुस्तकाकडे पाहिलं होतं. बाराव्या भाषणातले दोन शब्द त्यांनी तिथून उचलून आणले आणि म्हणाले, "कारकून, मला दिसतंय."

मग जो हशा झाला तसा आमच्या मंडळात कधी झाला नव्हता. अर्ध्या लोकांना ते नाटकातलंच वाटलं. उरलेले अर्धे मला ओळखत होते.

मध्यंतरात मी त्यांना शोधत गेलो. मुलांच्या लॉकरच्या रांगेपाशी ते हॅट खाली ठेवून बटाटेवडा खात उभे होते. मी माफी मागितली. ते रागावले नव्हते, आणि तेच जड गेलं.

"मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "तिथे माझं काम चालू होतं. मला आयुष्यभर वाक्यं कमी मिळाली. मी जे काही कमावलं ते वाक्याच्या आधीच्या जागेत."

"मला गुरुवार आठवला."

"मलाही आठवतोय." त्यांनी रुमालाला हात पुसले. "आता असं करू. हॅट माझ्या डाव्या हातात आहे. मी ती उजव्या हातात घेतली तर तुम्ही शब्द द्या. नाही घेतली तर छत कोसळलं तरी बोलू नका."

"आणि गरज असूनही तुम्ही हॅट बदलली नाही तर?"

"ते माझ्यावर सोडा."

दुसऱ्या अंकात माझ्याजवळ वही होती, पण मी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. मी हॅटकडे पाहत होतो. बाकी नटांना शब्द देत होतो, साहेबांच्या वाक्यांना ओठ मिटून घेत होतो. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. सगळी भाषणं नीट गेली.

चौदावं राहिलं. खरे मास्तर धावत येतात, न्हावी पाया पडतो, कारकून थरथरतो, आणि साहेब म्हणतात, "मास्तर नाहीत हे मला सकाळीच कळलं होतं. पण मुलं शिकताहेत हे आत्ता कळलं." नाटकाचा सगळा शेवट त्या दोन वाक्यांवर.

साहेब थांबले.

माझ्या घड्याळाला सेकंदकाटा होता. तीन झाले. हॉल अजून हसरा होता, काहीतरी येणार म्हणून वाट बघत होता. पाच झाले. साहेबांची नजर कारकुनाच्या पायांकडे गेली. सहा. त्यांच्या मानेत गुरुवारी पाहिलेला ताठपणा मला दिसला, किंवा दिसल्यासारखा वाटला. हॅट डाव्या हातात.

"अहो, द्या ना शब्द," नाटककार डॉक्टर कानाशी म्हणाले.

मी मान हलवली.

"माझं नाटक बुडतंय, भाऊ. द्या."

आठ. मागच्या रांगांत एक मूल रडलं. डॉक्टरांनी वही माझ्या हातातून ओढायला सुरुवात केली. मी ती छातीशी धरून ठेवली. वयानं आणि शिक्षणानं मोठ्या माणसाशी विंगेत झटापट करावी असा माझा स्वभाव नाही. नऊ. दहा. त्यांना शब्द हवा असेल आणि मी देत नसेन, तर बारा वर्षांनी पुन्हा तेच घडतंय आणि ते मी घडू देतोय, हे मला दिसत होतं. हॅट हलली नाही.

अकराव्या सेकंदाला साहेबांनी कारकुनाच्या पायांवरची नजर उचलली आणि म्हणाले, "मास्तर नाहीत. मला सकाळी कळलं." मग शाळेच्या मुलांचं काम करणाऱ्या आमच्या पोरांकडे वळून, अगदी हळू, "पण मुलं शिकताहेत. हे आत्ता कळलं."

शब्द लिहिल्याप्रमाणे नव्हते. दोन गळले होते. एरवी मी वहीत खूण केली असती. पडदा पडेपर्यंत लोक उभे राहिले होते. डॉक्टरांनी माझी वही सोडली आणि चष्मा पुसत म्हणाले, "मी असंच लिहायला हवं होतं."

रूट नाइन हायवेवरून परत येताना ते माझ्या शेजारी बसले होते, शाल अंगावर, नारळ मांडीवर. मागे बायको आणि मुलगी.

"मोजलेत?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"मला जास्त वाटले." पुढे म्हणाले, "पहिल्या अंकातलं ते थांबणं होतं. हे नव्हतं. हे सगळं गेलं होतं. तुमची भाषा, माझी भाषा, मी कुठे उभा आहे, सगळं."

"मग हॅट का नाही बदललीत?"

"बदलली असती तर तुम्ही शब्द दिला असता. नाटक नीट झालं असतं, आणि मला काही कळलं नसतं. मी त्या बिचाऱ्याच्या बुटांकडे बघत राहिलो. भीती आली. मी तिला येऊ दिली. मग ती गेली आणि वाक्य तिथेच पडलेलं होतं." त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "डोकं ठीक आहे. भीतीच होती. बारा वर्षं भीतीच होती."

मागून मुलगी म्हणाली, "काका, यू वेअर रिअली गुड."

"थँक यू. तुझे वडीलही. अकरा सेकंद गप्प बसणं सोपं नाही. मला असा प्रॉम्प्टर कुणी दिला नव्हता."

कामाबद्दल माझं कौतुक आयुष्यात फार वेळा झालेलं नाही, त्याची तक्रारही नाही. पण जे काम मी केलं नाही त्याबद्दल झालेलं कौतुक हे एकच, आणि ते माझ्या फार उपयोगी पडलं. त्या वर्षी मुलगी माझ्याशी बोलायला लागली की तिचं मराठी अडे, मी तिचं वाक्य पुरं करत असे आणि ती उठून जात असे. पुढे मी मनात आकडे मोजायला शिकलो. बहुतेक वेळा सात-आठपर्यंत ती स्वतःच पुढे बोलू लागे. तिच्या वाक्यात पुढे काय येणार आहे ते मला वाटलं होतं तसं फार थोड्या वेळा निघालं. त्या अकरा सेकंदांचे उपकार मी त्या माणसाचे मानतो.

मंगळवारी अध्यक्ष आमच्याकडे आले. प्रयोग इतका रंगला, तर म्हाताऱ्यांना एक्कावन्न डॉलर द्यावेत असं समितीनं ठरवलं होतं. मी समोर जाऊन त्यांना बोलावून आणलं. एक्कावन्नमधल्या वरच्या एकाचा अर्थ बायकोनं त्यांना समजावून सांगितला, तो त्यांना आवडला. पण त्यांनी मान हलवली.

"ठरले चाळीस," ते म्हणाले. "जास्त घेतले तर ते बक्षीस झालं. मी कामाला आलो होतो."

अध्यक्ष माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तुमचेच शेजारी शोभतात." मग त्यांनी लिहून आणलेला एक्कावन्नचा चेक फाडून नवा लिहिला.

म्हाताऱ्यांनी चेकवरची तारीख आणि नाव वाचलं, अक्षरी रक्कम वाचली, तो घडी करून खिशात ठेवला. मग पाकीट काढून एकेकाच्या चार नोटा टेबलावर माझ्यापुढे मांडल्या. मी विचारलं, हे काय? काम आणून देणाऱ्याचे शेकडा दहा, ते म्हणाले, सगळ्या एकशे त्रेसष्ट वेळा दिलेत. मी नको म्हणणार होतो. मग मला त्यांचं चेक वाचणं आठवलं आणि मी त्या उचलल्या.

शेवटी दिलं गेलं ते असं: मंडळाकडून त्यांना चाळीस डॉलर, चेकनं. त्यांच्याकडून मला चार डॉलर, रोख.